सत्त्वावजय आणि मनोविश्लेषण
चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह, असे सांगितले आहे. मनोविश्लेषणाची वाट निराळी आहे. जे रुग्णास आठवत नाही ते तो कृतीतून पुन्हा घडवितो, असे सिग्मंड फ्रॉईड यांनी १९१४ च्या निबंधात मांडले. बालपणी पित्याविषयी दडपलेला राग पुढे वरिष्ठ, जोडीदार आणि अखेर चिकित्सक यांच्यावर निघू शकतो. यास भावसंक्रमण म्हणतात. येथे निग्रहापेक्षा उकल महत्त्वाची. नियमित बैठकींतून हा साचा रुग्णास उमगतो व पुनःपुन्हा तपासल्याने हळूहळू सैल होतो.

वैद्य व औषधे सतत बदलणारा, आधी स्तुती आणि मग दोषारोप करणारा रुग्ण आल्यास रागावू नये, केवळ मात्राही वाढवू नये. शारीरिक कारणे पडताळून नातेसंबंधांचा इतिहास विचारावा व प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. आत्मघाताचे विचार आढळल्यास तत्काळ पाठवावे.