शाई मुरली तेव्हा कळलं

"मॅडम, आमच्या बाकी कुठल्याच कस्टमरला असं झालेलं नाही. तुमच्याच स्किनचा प्रॉब्लेम असेल."

हे वाक्य मला फोनवर तीन वेगवेगळ्या माणसांनी ऐकवलं. आजही आठवलं की कानशिलं तापतात. माझी त्वचा कशी आहे हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. चार वर्षांची असल्यापासून मी इसब सांभाळते आहे. भांड्यांचा साबण बदलला की बोटं फुटतात, नव्या साडीची खळ कमरेला घासली की चट्टे उठतात. म्हणून तर पैसे भरण्याआधी मी चॅटवर लिहून विचारलं होतं: "माझी त्वचा फार नाजूक आहे. ही वस्तू नेमकी कशाची बनवली आहे?" उत्तर आलं होतं: "१०० टक्के मेडिकल ग्रेड सिलिकॉन, मॅडम. बिनधास्त वापरा."

वस्तू म्हणजे व्हायब्रेटर. शब्द मुद्दाम लिहिते आहे. बिलावर 'बॉडी मसाजर' होतं, खोक्यावर 'पर्सनल मसाजर', आणि फोनवरचा माणूस शेवटपर्यंत 'ते प्रॉडक्ट' म्हणत राहिला. पाठीला लावायची वस्तू कशाची आहे याने फारसं बिघडत नाही. योनीला लावायची असेल तर सगळं त्यावरच अवलंबून असतं. नाव झाकलं की तो प्रश्नही झाकला जातो, आणि विकणाऱ्याला तेच सोयीचं असतं.

का मागवली, ते सांगत बसत नाही. चाळिशी ओलांडलेल्या बायकांना कळेल. नवऱ्याशी बोलून, दोघांनी मिळून मागवली, एवढं पुरे.

खोकं उघडलं तेव्हा स्ट्रॉबेरीचा दाट वास आला. त्याच्याखाली आणखी एक वास होता. जूनमध्ये नव्या रेनकोटची घडी मोडली की येतो ना, तसा. हात लावला तर किंचित चिकट, तेलकट. मला तिथेच थांबायला हवं होतं. पण लेखी उत्तर हातात होतं, आणि दोन हजार चारशे रुपये मोजलेले. सोबत फुकट आलेलं 'वॉर्मिंग' जेलचं पाकीटही आम्ही वापरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाज सुरू झाली. रात्री आग. तिसऱ्या दिवशी सूज इतकी, की लघवीला बसायची धास्ती वाटायची आणि ऑफिसात खुर्चीवर नीट टेकता येईना. मग जे करू नये ते सगळं मी केलं. आधी बादलीत अँटिसेप्टिक ओतून त्या पाण्याने धुतलं. आईने लहानपणापासून प्रत्येक जखमेवर तेच शिकवलेलं. आग दुप्पट झाली. मग औषधाच्या दुकानातून, नजर न मिळवता, 'खाजेसाठी काहीतरी' मागितलं. काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी न विचारता ट्यूब काढून दिली. त्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र होतं, हे मला नंतर समजलं. दोन दिवस बरं वाटलं आणि थांबवल्यावर पुन्हा दुप्पट पेटलं.

पहिल्या डॉक्टरबाईंकडे गेले. न तपासता त्यांनी बुरशीच्या गोळ्या लिहिल्या आणि वर म्हणाल्या, "या वयात कशाला हवेत हे उद्योग?" मी काही बोलले नाही. ते न बोलणं मला खाजेपेक्षा जास्त दिवस सलत राहिलं.

नवव्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ती वस्तू आणली आहे का?" आणली होती. कपाटात कुणाला दिसू नये म्हणून मी ती वर्तमानपत्राच्या पानात गुंडाळून ठेवली होती, तशीच पिशवीत घालून नेलेली. त्यांनी हातमोजे घातले आणि कागद उलगडला. कागद सुटेना. ओढला तेव्हा चर्रकन आवाज झाला आणि आतल्या गुलाबी पृष्ठभागावर अक्षरं दिसली. उलटी, पण वाचता येण्याइतकी ठसठशीत. एका मथळ्याचा अर्धा भाग, त्याखाली बातमीच्या तीन ओळी. डॉक्टरांनी ओल्या कापसाने पुसून पाहिलं, मग साबण लावून. अक्षरं फिकट झाली, गेली नाहीत. कागदावर मात्र तेलाचा डाग पसरला होता, भजी ठेवलेल्या कागदावर पसरतो तसा.

"हे सिलिकॉन नाही," ते म्हणाले. "शाई आत मुरली आहे. ज्याच्यात शाई शिरते त्याच्यात घाम, साबण, जंतू सगळंच शिरतं. आणि आतलं तेल बाहेर येतंय ते तुम्हीच बघताय."

त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा स्वच्छ कळलं की दोष माझ्या त्वचेचा नव्हता. तिने तिचं काम केलं होतं. खोटं बोलणारा दुसराच कुणीतरी होता.

मऊ 'जेली'सारखी मोठ्यांची स्वस्त खेळणी बहुधा पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ करायला थॅलेटसारखे पदार्थ घालतात, आणि ते प्लॅस्टिकशी पक्के जोडलेले नसल्यामुळे हळूहळू पाझरतात. २००६ साली डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने बाजारातली अशी खेळणी तपासली, तेव्हा काहींत थॅलेटचं प्रमाण भरपूर सापडलं होतं. युरोपात लहान मुलांच्या खेळण्यांत काही थॅलेटना ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. मोठ्यांच्या या 'खेळण्यां'साठी आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक यायला २०२१ उजाडलं. तोवर 'केवळ गमतीसाठी' असं खोक्यावर छापलं की जबाबदारी संपली! माझ्या खोक्यातल्या माहितीपत्रकावरही मुंगीएवढ्या अक्षरांत तेच होतं.

त्वचा शांत झाल्यावर पॅच टेस्ट केली. पाठीवर ओळीने लहान लहान पट्ट्या चिकटवतात, ४८ तास आंघोळ नाही, घाम येऊ द्यायचा नाही, मग काढून वाचन आणि दोन दिवसांनी पुन्हा वाचन. मे महिन्यात केली, हाल झाले. पण उत्तर मिळालं: सुगंधी द्रव्यं आणि रबरात वापरतात ते एक रसायन, दोन्हींची ॲलर्जी. म्हणजे स्ट्रॉबेरीच्या वासाने एक घाव घातला होता, आणि गरम करणाऱ्या जेलने आगीत तेल ओतलं होतं.

आता कंपनीबद्दल. मी चॅटचा स्क्रीनशॉट, बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं, "हायजीन प्रॉडक्ट परत घेत नाही." मी लिहिलं, मला परत करायचीच नाही, तुम्ही खोटी माहिती दिलीत, पैसे द्या. मग फोन आला. मागे कुणीतरी खिदळत होतं. "मॅडम, कसं यूज केलं ते जरा डिटेलमध्ये सांगा." आणि त्यानंतर, "रॅशचा फोटो व्हॉट्सॲप करा, मग केस पुढे पाठवतो." मी फोन ठेवला. हात थरथरत होते. हे लिहितानाही थरथरतायत.

म्हणून पहिला सल्ला हाच: शरीराचा फोटो कुणालाही पाठवू नका. कुठलाही कायदा तो मागत नाही. वस्तूचा, खोक्याचा, बिलाचा फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी पुरेशी आहे. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या नियमांनुसार विकणाऱ्या संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. नाहीच दाद लागली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मी तिथे 'मसाजर, चुकीची माहिती, त्वचेला इजा' एवढंच सांगितलं. पलीकडच्या बाईंनी एकही आगाऊ प्रश्न विचारला नाही. सव्वा महिन्याने पैसे परत आले. माफी आली नाही.

आणि 'मुळात असलं काही विकणंच गुन्हा, तक्रार कुठे करणार?' असं कुणी घाबरवलं तर हेही ऐकून ठेवा. सीमाशुल्क विभागाने अडवलेले बॉडी मसाजर सोडून देण्याचा न्यायाधिकरणाचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये कायम ठेवला. वस्तूचा वेगळा वापर होऊ शकतो एवढ्यावरून ती निषिद्ध ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. याच मुंबईत र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून लैंगिकतेचे विषय उघड मांडत होते. इतक्या वर्षांनी आपण अजून दुकानात नजर खाली घालून उभे आहोत.

आता घ्यायचंच असेल तर काय घ्यावं? संपूर्ण सिलिकॉन, त्यातही प्लॅटिनम-क्युअर्ड, हे नाजूक त्वचेला सहसा मानवतं. 'सिलिकॉन ब्लेंड', 'सिलिकॉनसारखा स्पर्श', 'स्किन फील' हे शब्द दिसले की पुढे चला. टीपीई हे रबरासारखं प्लॅस्टिक मऊ असतं, पण सच्छिद्र. ते पूर्ण निर्जंतुक करता येत नाही. 'मेडिकल ग्रेड' आणि 'बॉडी सेफ' हे शब्द कुणीही छापतं, त्यावर विसंबू नका. बोरोसिलिकेट काच चांगली, फक्त आधी टवका उडालेला नाही ना ते बघा. स्टेनलेस स्टील ३१६ प्रतीचं असावं. खोट्या कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात त्यांना निकेल सोसत नसतं, त्यांनी मुलामा दिलेला स्वस्त धातू घेऊच नये. बजेट कमी असेल तर कडक एबीएस प्लॅस्टिक बरं. ते मऊ करायला काही घालावं लागत नाही.

वस्तू हातात आल्यावर आधी वास घ्या. चांगल्या सिलिकॉनला जवळजवळ वास नसतो. मग साच्याचा जोड तपासा. जुनी जॉर्जेटची ओढणी त्यावरून हलकेच फिरवा. धागा अडकला तर ती कड तुमच्या त्वचेलाही ओरबाडणार. खाचा, गाठी, नक्षी नको. गुळगुळीत आणि लहान आकाराची घ्या. सगळ्यात कमी वेगावर, पाचेक मिनिटं, एवढ्यापासूनच सुरुवात. गुदमार्गासाठी असेल तर बूड रुंद हवंच, नाहीतर आत जाऊन अडकते.

जेलबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण फसगत तिथेच होते. पाण्याचं जेल घ्या. सुगंध, चव, गरम-गार करणारे पदार्थ, ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, पॅराबेन यांतलं काही नको. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना? दाट, गोड जेल नाजूक आवरणातल्या पेशींचं तेच करतं, त्यांच्यातलं पाणी ओढून घेतं. त्याच्या मापाला ऑस्मोलॅलिटी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या सूचनेप्रमाणे ती ३८० मिलिऑस्मोल प्रति किलोपर्यंत असावी, आणि १२०० च्या वर जाऊ नये. योनीचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो, जेलही त्याच्या जवळपासचं हवं. सिलिकॉनच्या वस्तूवर सिलिकॉनचं जेल लावू नका, पृष्ठभाग खराब होऊ शकतो. खोबरेल तेल घरचं म्हणून लावलं आणि सोबत लेटेक्सचा कंडोम असेल तर तो कमजोर होऊन फाटतो. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर पॉलियुरेथेन किंवा पॉलिआयसोप्रीनचा मिळतो.

कुठलंही नवं जेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. ॲलर्जी लगेच दिसत नाही, दोन-तीन दिवसांनीही उठते. मला आठवडा थांबायचा कंटाळा आला असता, हे खरं आहे. पण नंतर दीड महिना गेला.

धुवायला बिनवासाचा सौम्य साबण आणि पाणी. मोटर नसलेलं सिलिकॉन किंवा स्टील तीन-चार मिनिटं उकळता येतं. मोटर असलेलं कधीच नाही. पूर्ण वाळवा आणि सुती पिशवीत, एकेक वेगळं ठेवा. स्वतःच्या अंगाला मात्र बाहेरून नुसतं पाणी पुरतं. अँटिसेप्टिक आणि सुगंधी 'इंटिमेट वॉश' दोन्ही दूर ठेवा. आग, सूज, फोड, वास येणारा स्राव, ताप यांतलं काही झालं तर डॉक्टरांकडे जा, आणि जाताना वस्तू व जेल दोन्ही न्या. डॉक्टर प्रवचन देऊ लागले तर उठा आणि दुसरे शोधा. आणि दुकानातली ती तीन औषधांची ट्यूब मनाने लावू नका. लावू नका म्हणजे लावू नका.

बाकी नेहमीचं सगळं आहेच: घाई करू नका, शरीराचं ऐका, जोडीदाराशी बोला.

ती वस्तू मी फेकून दिली, पण त्याआधी फोटो काढला. गुलाबी रंगावरची ती उलटी अक्षरं त्यात अजून वाचता येतात. त्याच्या शेजारी फोनमध्ये दुसरा फोटो आहे, चॅटचा: "१०० टक्के मेडिकल ग्रेड सिलिकॉन, मॅडम. बिनधास्त वापरा." पैसे परत मिळाले ते या दुसऱ्या फोटोमुळे. तुम्हीही पैसे भरण्याआधी लिहून विचारा, लेखी उत्तर घ्या, आणि ते जपून ठेवा.