घोड्याची पारख आणि निगा

वऱ्हाडात लग्नसराई आली की वरातीला घोडी हवीच. चांदूर बाजारसारख्या गावी घोडी बाळगून पोट भरणाऱ्याची सारी मिळकत तिच्या चार पायांवर उभी असते. म्हणून दत्तजयंतीस भरणाऱ्या सारंगखेड्याच्या (जि. नंदुरबार) यात्रेत असो वा अन्यत्र, खरेदी करताना रंगरूपाआधी दात व पाय पाहावेत. समोरचे दुधाचे दात अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने बदलतात. पाचव्या वर्षी जबडा पुरा भरतो. जनावर कठीण जमिनीवर दुडक्या चालीने चालवून पाहावे. दुखरा पुढचा पाय टेकताना ते मान वर उचलते. ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावर नष्ट करावे लागते. यास्तव रक्ततपासणीचा दाखला पाहिल्याविना पैसे मोजू नयेत.

घोड्याजवळ मागून न जाता डाव्या खांद्याकडून, आवाज देत जावे. त्याला ओकारी होत नाही. त्यामुळे पोटशूळ जिवावर बेततो. वैरण मुबलक, हरभरा मात्र बेताने व विभागून द्यावा. पाणी स्वच्छ असावे. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटून नव्याने नाल ठोकून घ्यावेत. घोडा वारंवार लोळू लागला वा पोटाकडे वळून पाहू लागला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलवावे.