केशवर्ण, प्रकृती आणि पूर्वग्रह : कपिल व पलित केशांच्या निमित्ताने

रुग्ण चिकित्सालयात पाऊल ठेवतो तेव्हा वैद्याच्या दर्शनपरीक्षेस प्रारंभ होतो. चाल, वर्ण, नेत्र, नखे आणि केश यांची नोंद तो काही बोलण्यापूर्वीच आपल्या मनात झालेली असते. ही आपल्या शास्त्राची थोर देणगी आहे, यात संशय नाही. परंतु दर्शन कोठे संपते आणि पूर्वग्रह कोठे सुरू होतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. समाजात केसांच्या रंगावरून माणसाचा स्वभाव, वय, कुळ आणि बुद्धीदेखील ठरविण्याची जुनी खोड आहे. वैद्यही त्याच समाजातून आलेला असल्याने ती खोड त्याच्या केसपेपरावर उतरू शकते. आमच्या केसपेपरावर ती उतरली होती. तो अनुभव आणि त्यानिमित्ताने केलेले पुनरध्ययन येथे मांडीत आहोत.

शास्त्र काय सांगते?

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात केश, श्मश्रू व लोम यांची गणना पितृज भावांत केली आहे, तर ग्रहणीचिकित्सेच्या अध्यायात केश-लोम हे अस्थिधातूचे मल म्हणून सांगितले आहेत. म्हणजे केसांवरून दोन गोष्टींचा बोध होऊ शकतो : एक, वंशपरंपरेने आलेले बीज आणि दुसरी, धातुपोषणाची स्थिती. स्वभावाचा बोध यानंतर, आणि तोही अनेक लक्षणांच्या समुच्चयातून होतो.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात पित्तल पुरुषाचे वर्णन करताना मृदु, अल्प व कपिल केश, तसेच लवकर येणारे वली, पलित व खालित्य सांगितले आहे. तेथे केशवर्णनापूर्वी आचार्यांनी ‘प्रायः’ हे पद योजले आहे. घाईत वाचताना हे पद डोळ्यांआड होते. पित्तल पुरुषाचे केस बहुधा कपिल असतात, यावरून कपिल केसांचा प्रत्येक मनुष्य पित्तल असतो हे सिद्ध होत नाही. धूम दिसला तर अग्नी आहे असे अनुमान करता येते, पण अग्नी आहे म्हणून धूम असलाच पाहिजे असे म्हणता येत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूम नसतो. येथे तर मूळ व्याप्तीच ‘प्रायः’ची आहे, मग तिचा व्यत्यास किती दुबळा असेल! याच अध्यायात वादमार्गाच्या पदांमध्ये ‘सव्यभिचार’ सांगितला आहे आणि त्याचे उदाहरणही औषधाचेच आहे : हे औषध या व्याधीत उपयोगी पडेल किंवा पडणारही नाही. प्रकृतिपरीक्षा आणि तर्कातील अनिश्चितता एकाच अध्यायात शिकविली गेली, हे आपण लक्षात ठेवावयास हवे.

दुसरा मुद्दा स्वभावाचा. ‘पित्ताचा माणूस म्हणजे तापट’ एवढेच लोक जाणतात. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात पित्तप्रकृतीचा मनुष्य लवकर रागावणारा आणि तितक्याच लवकर प्रसन्न होणारा सांगितला आहे; शिवाय तो मेधावी व निपुण बुद्धीचा असतो असेही म्हटले आहे. लोकांनी त्यातला राग तेवढा ठेवला आणि प्रसन्नता व मेधा सोडून दिली. पूर्वग्रह असाच तयार होतो : तो पूर्ण खोटा नसतो, अर्धा तोडलेला असतो.

निंदा आणि व्याधी

सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. अतिदीर्घ, अतिह्रस्व, अतिलोमा, अलोमा, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल व अतिकृश असे आठ पुरुष निंदित म्हणून सांगून आचार्य हेतू, दोष व चिकित्सा यांचा विस्तार करतात तो शेवटच्या दोघांचाच. उंची, लोम आणि वर्ण यांवरून होणारी निंदा त्यांनी नोंदविली, परंतु चिकित्सेचा भार तेथे टाकला नाही. जे निंदिले जाते ते सर्व चिकित्स्य नसते, असा धडा आम्ही यातून घेतो.

धर्मशास्त्राची दृष्टी निराळी होती. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कपिला कन्येशी विवाह करू नये असे सांगितले आहे आणि टीकाकारांनी त्याचा अर्थ कपिल केसांची कन्या असा केला आहे. वैद्यकाने ज्यास प्रकृतीचे चिन्ह म्हटले, ते येथे वधूचे वैगुण्य ठरले. पिंगट केसांच्या व घाऱ्या डोळ्यांच्या माणसास लबाड समजणारी आपल्याकडील बोलणी त्याच जातीची. याच स्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मात्र डोके पांढरे झाल्याने कोणी वृद्ध ठरत नाही, ज्ञानाने ठरतो, असाही विचार आला आहे. आपण ‘आमचे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ असे अभिमानाने म्हणतो आणि पंचविशीतल्या मुलीच्या डोक्यावर दोन पांढरे केस दिसले की तोंडे फिरवितो. केस तेच, पण पुरुषाच्या साठीत ते अनुभवाचे लक्षण होतात आणि मुलीच्या पंचविशीत दोषाचे.

आमच्या दोन नोंदी

काही वर्षांपूर्वी २३ वर्षे वयाच्या एका मुलीस तिची आई घेऊन आली. केस पुढच्या भागात बरेच पांढरे झालेले. ‘वैद्यबुवा, दिवाळीनंतर पाहण्याचे कार्यक्रम सुरू करायचे आहेत, तोवर केस काळे करून द्या,’ ही एकच मागणी. ‘चिडते फार’ असेही आई म्हणाली. पलित केस, गौर वर्ण, चिडखोर स्वभाव. आम्ही केसपेपरावर ‘पित्त’ असे लिहिले आणि मोकळे झालो. भृंगराज तैल, नस्य, आमलकी, पित्तशामक आहार अशी योजना दोन महिने चालली. तिसऱ्या भेटीस मुलगी प्रथमच एकटी आली. पायांना मुंग्या येतात, जीभ सोलल्यासारखी झाली आहे, जिना चढताना धाप लागते, असे तिने सांगितले. हे कधीपासून, असे विचारता ती म्हणाली, ‘सहा-सात महिने झाले. पण तुम्ही केसांचेच विचारत होतात.’

रक्त तपासले तेव्हा ब-१२ जीवनसत्त्व फारच कमी आढळले. घर पूर्ण शाकाहारी, त्यातून मुलीने दूधही सोडलेले. ब-१२ च्या अभावात अकाली पलित दिसू शकते, चिडचिड होते आणि उपेक्षा झाल्यास नाड्यांना कायमची इजा पोहोचते. फिजिशियनच्या सल्ल्याने इंजेक्शने सुरू झाली. मुंग्या गेल्या, चेहऱ्यावर तेज आले. केस मात्र बहुतांशी पांढरेच राहिले. आमची चूक पित्त मानण्यात नव्हती. केसांवरून प्रश्न संपला असे मानण्यात होती. ‘चिडते’ हा शब्दही आम्ही स्वभाव म्हणून लिहिला, लक्षण म्हणून तपासला नाही. ज्या मुलीला घरातील प्रत्येक जण केसांवरून टोकतो, ती चिडणार नाही तर काय करील, हाही विचार आम्हास सुचला नाही.

दुसरी नोंद एका ऊसतोड कुटुंबातील दोन वर्षांच्या मुलाची. केस तांबूस-पिंगट. तळावरच्या बायका त्याला कौतुकाने ‘साहेब’ म्हणत. आई त्याला खोकल्यासाठी घेऊन आली होती. आम्ही हात लावला तो केस विरळ, रुक्ष, सहज उपटले जाणारे. पावलांवर बोट दाबले तर खळगा राहत होता. पहिल्या मुलीच्या अनुभवाने या वेळी आम्ही थबकलो. हा वर्ण प्रकृतीचा नव्हता, प्रथिनांच्या तीव्र अभावाचा होता. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे क्वाशिओरकॉर या नावाने वर्णिलेल्या व्याधीत केसांचा असाच वर्णबदल दिसतो. मुलास त्याच दिवशी पोषण पुनर्वसन केंद्राकडे पाठविले. निंदेप्रमाणे कौतुकही डोळे झाकते.

इतर देशांतील दाखले

ही खोड केवळ आपलीच नाही. मध्ययुगीन युरोपातील चित्रांत ख्रिस्ताचा विश्वासघात करणारा जुडास अनेकदा तांबड्या केसांचा रंगविलेला आढळतो, आणि तांबड्या केसांच्या मुलांना इंग्लंडातील शाळांतून आजही चिडविले जाते. तांबडे केस म्हणजे तापट स्वभाव, ही समजूत तेथेही आहे. १९९५ साली या वर्णाचा संबंध ‘एमसी१आर’ या जनुकातील बदलांशी असल्याचे दाखविण्यात आले. या बदलांमुळे गडद रंगद्रव्याऐवजी तांबूस-पिवळे रंगद्रव्य अधिक बनते.

अमेरिकेत सोनेरी केसांच्या स्त्रियांना मंदबुद्धी समजणारे विनोद प्रचलित आहेत. जे झागोर्स्की या संशोधकाने तेथील एका दीर्घकालीन सर्वेक्षणातील व्यक्तींनी १९८० साली दिलेल्या बुद्धिचाचणीचे गुण तपासून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला : सोनेरी केसांच्या स्त्रियांचे गुण इतरांहून कमी नव्हते.

प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांवर कृष्णवर्णी लोकांपैकी शेकडा पाच ते दहा जणांचे केस सोनेरी असतात. ऊन, समुद्राचे पाणी किंवा मत्स्याहार हे त्याचे कारण मानले जाई. २०१२ साली त्यामागे ‘टीवायआरपी१’ या जनुकातील असा बदल आढळला, जो युरोपीय सोनेरी केसांचे कारण नाही. वर्ण सारखा, हेतू भिन्न. निदानात आपण हेच तत्त्व मानतो.

वर्णाशी शरीराचा काहीच संबंध नसतो, असे मात्र आम्हास म्हणावयाचे नाही. २००४ साली अमेरिकेतील एका लहान अभ्यासात तांबड्या केसांच्या स्त्रियांना भूल देण्यासाठी सुमारे १९ टक्के अधिक औषध लागल्याचे दिसले. नंतर झालेल्या मोठ्या अभ्यासात तसा फरक आढळला नाही. संबंध असेल तर तो तपासून स्वीकारावा आणि पुढील तपासणीत टिकला नाही तर सोडावा.

पलिताबाबत सुश्रुतांनी क्रोध, शोक व श्रम यांनी वाढलेली ऊष्मा व पित्त शिरोगत होऊन केस पिकवितात असे म्हटले आहे. २०२० साली उंदरांवरील प्रयोगात तीव्र ताणामुळे केशमूलातील रंगपेशींचा साठा संपतो असे दिसले. तथापि २०१६ साली केस पांढरे होण्याशी ‘आयआरएफ४’ या जनुकाचा संबंधही आढळला आहे. पितृज भाव आणि क्रोध-शोक-श्रम या दोन्ही बाजू आपल्या ग्रंथांत आहेत. एकच उचलून रुग्णास ‘तुम्ही रागीट आहात म्हणून केस पिकले’ असे सांगणे अन्यायाचे होय.

चिकित्सालयासाठी सूत्रे

१. केशवर्ण ही नोंद आहे, निष्कर्ष नव्हे. प्रकृतिपत्रकात केसांचा रकाना शेवटी भरावा.

२. वर्ण जन्मापासूनचा की नंतर बदललेला, हा पहिला प्रश्न. बदललेला असल्यास व्याधीचा शोध घ्यावा.

३. आशियाई व्यक्तींत २५ वर्षांपूर्वीचे पलित अकाली मानतात. अशा रुग्णांत पांडुत्व, ब-१२, थायरॉइड, धूम्रपान व कुलवृत्त पाहावे.

४. बालकाचे केस पिंगट, विरळ व सहज उपटणारे असतील तर वजन, दंडाचा घेर व पावलांवरील शोथ तपासल्याशिवाय त्यास परत पाठवू नये.

५. स्वभाव रुग्णाकडूनच ऐकावा, सोबत आलेल्या व्यक्तीकडून नव्हे. विवाहयोग्य मुलींशी थोडा वेळ स्वतंत्र बोलावे.

औषधी दुकानदार बंधूंसाठी

पूर्वग्रहाचा व्यापार गल्ल्यावरच होतो, म्हणून हे चार शब्द. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस येतो. काळा रंग हवा असल्यास नीलिनीच्या पानांची जोड द्यावी लागते व त्यास वेळ लागतो. दहा मिनिटांत केस काळे करणाऱ्या ‘हर्बल काळी मेंदी’च्या पुडीत बहुधा पॅराफिनिलीन डायअमीन, म्हणजे पीपीडी, असते. घटकांची यादी वाचून ग्राहकास तसे सांगावे. वापरण्यापूर्वी कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडा लेप लावून ४८ तास पाहण्याचा सल्ला द्यावा. पीपीडी असलेला कलप पोटात गेल्यास घसा व मान सुजून श्वास कोंडतो, लघवी काळपट होते, मूत्रपिंडे निकामी होतात. त्यावर विशिष्ट उतारा नाही. असा रुग्ण क्षणही न दवडता श्वासमार्ग व डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावा.

१९४५ च्या औषध नियमावलीतील ‘जे’ अनुसूचीत, म्हणजे जे रोग बरे करण्याचा दावा करू नये त्यांच्या यादीत, अकाली केस पांढरे होण्याचाही समावेश आहे. ‘पांढरे केस मुळापासून काळे’ असा फलक लावण्यापूर्वी प्रत्येकाने ही यादी नजरेखालून घालावी. ‘लग्न जमवायचे असेल तर हे घ्या’ असे म्हणून विकलेले तेल केसांना लाभो न लाभो, मनाला इजा निश्चित करते.

समारोप

ती मुलगी दीड वर्षाने पुन्हा आली, सर्दीसाठी. केस पांढरेच होते आणि तिने ते झाकलेही नव्हते. ती एका शाळेत शिकवू लागली होती. ‘मुलांना वाटते मी मोठ्या बाई आहे, म्हणून ऐकतात,’ असे हसून म्हणाली. केसपेपर काढताना आमचा हात जुन्या नोंदीवर थांबला. ‘पित्त’ या शब्दापुढे आम्ही त्या दिवशी प्रश्नचिन्ह घातले. तेव्हापासून प्रत्येक नव्या केसपेपरावर प्रकृतीच्या रकान्यात ते प्रश्नचिन्ह आम्ही आधी काढतो, आणि परीक्षा पूर्ण झाल्यावरच खोडतो. वैद्यबंधूंनी हा प्रयोग महिनाभर करून पाहावा आणि त्यांस काय आढळले ते या अंकाच्या वाचकांसाठी अवश्य लिहून कळवावे.