अपुरी पदवी पुरी कशी करावी? मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी काही माहिती

आपल्या वस्तीत पदवीधर किती, असे विचारले तर आपण बोटांवर नावे मोजू लागतो. परंतु पदवीची एक किंवा दोन वर्षे पुरी करून थांबलेले किती, हे कोणी मोजीत नाही. भवानी पेठेत अशी मुलेमुली घरोघर सापडतील. कोणाच्या आईचे विड्यांचे काम सुटले, कोणाच्या वडिलांचा माग बंद पडला, कोणाचे लग्न ठरले. कारण काहीही असो, शेवट एकच होतो. गुणपत्रिका ट्रंकेत जातात आणि घरातली माणसे म्हणू लागतात, "वर्षे वाया गेली." ही वर्षे खरोखर वाया जातात काय, आणि जाऊ नयेत म्हणून काय करता येते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. उदाहरणासाठी आम्ही मानसशास्त्र हा विषय घेतला आहे. त्याला एक कारण आहे.

आमचाच दाखला

1997 साली आम्ही कला शाखेच्या प्रथम वर्षात प्रवेश घेतला व मानसशास्त्र हा विषय निवडला. दुसरे वर्षही पास झालो. त्या काळी सोलापूरची महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. 1999 मध्ये घरची परिस्थिती बिघडली आणि तृतीय वर्षाची फी भरण्याऐवजी आम्ही नोकरी धरली. महाविद्यालयात जाऊन कोणाला काही सांगितले नाही, दाखला मागितला नाही, दुसऱ्या वर्षाची मूळ गुणपत्रिकाही घेतली नाही. पुढे कधीतरी जाऊ, एवढेच मनात होते.

ते 'कधीतरी' 2005 मध्ये आले. तोपर्यंत 2004 साली सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले होते आणि अभ्यासक्रमही बदलला होता. जुनी गुणपत्रिका मिळविण्यात एक वर्ष गेले. आधी काय मागावे आणि कोठे मागावे हेच आम्हाला ठाऊक नव्हते. शेवटी दुसरा विषय घेऊन बाहेरून बी.ए. पुरे केले. पदवी मिळाली, बँकेत त्याचा उपयोगही झाला. पण मानसशास्त्र राहिले ते राहिलेच. दोष कोणाला द्यावा? थांबणे भाग होते, हे खरे. पण न सांगता थांबलो, ही चूक मात्र आमची होती.

बाबासाहेब कसे थांबले?

थांबावे कसे, याचा धडा आपल्या डोळ्यांसमोरच होता. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. 1915 साली मिळविल्यावर बाबासाहेब 1916 मध्ये लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव घातले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही प्रवेश घेतला. 1917 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली व त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. परंतु लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळविली.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. शाहू महाराजांची मदत व मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते 1920 मध्ये, म्हणजे मुदतीच्या आत, लंडनला पोहोचले. 1921 मध्ये एम.एस्सी., 1922 मध्ये बॅरिस्टरी आणि 1923 मध्ये डी.एस्सी. अशी राहिलेली कामे त्यांनी पुरी केली. आपण त्यांची विद्वत्ता नेहमी सांगतो. ती तर आहेच. पण परवानगी हातात ठेवून थांबणे आणि मुदत संपण्यापूर्वी परतणे ही गोष्ट आपल्यातल्या साध्या विद्यार्थ्यालाही जमण्यासारखी आहे.

परदेशातली आणि आपली पद्धत

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची दोन वर्षांची महाविद्यालये आहेत. त्यांतले पहिले 1901 साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे निघाले. फी कमी, घराजवळ, नोकरी सांभाळून शिकण्याची सोय, असे त्यांचे स्वरूप असते. तेथे साधारण 60 श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मिळवून विद्यार्थी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जातो आणि एकूण 120 श्रेयांकांवर पदवी पुरी करतो. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला तेथे एक गोष्ट आधीच बजावतात. मानसशास्त्राचा परिचय, संख्याशास्त्र व संशोधनपद्धती हे पेपर पुढचे विद्यापीठ मान्य करते की नाही, ते प्रवेशापूर्वी पाहून घ्यावे. नाहीतर श्रेयांक असूनही तेच विषय पुन्हा शिकावे लागतात.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2013 पासून कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. पण तिचा भर व्यवसायशिक्षणाच्या प्रमाणपत्रांवर व पदविकांवर आहे. तो रस्ता प्रामुख्याने बी.व्होक. पदवीकडे जातो. अशा पदविकेवर बी.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात थेट बसता येईल, असे कोणी गृहीत धरू नये. आपल्या विद्यार्थ्यांच्या उपयोगाची सोय वेगळी आहे. ती म्हणजे श्रेयांकांचे खाते.

श्रेयांकांचे खाते

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 2021 मध्ये 'अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली. नाव बँकेचे असल्यामुळे आम्हाला समजावयास सोपे गेले. विद्यार्थ्याने 'अपार' हा 12 अंकी क्रमांक काढावयाचा, तो त्याचा खातेक्रमांक. पास झालेल्या प्रत्येक पेपरचे श्रेयांक महाविद्यालय-विद्यापीठामार्फत त्या खात्यात जमा होतात. वर्गात शिकवायच्या विषयात साधारण 15 तासांना एक श्रेयांक आणि प्रात्यक्षिकात 30 तासांना एक, असा हिशेब असतो.

महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत हे धोरण 2024-25 पासून लागू झाले. त्याची मुख्य कलमे अशी:

1. पहिल्या वर्षाचे 40 ते 44 श्रेयांक मिळवून थांबणाऱ्यास प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षाअखेर 80 ते 88 श्रेयांकांवर पदविका, तिसऱ्या वर्षाअखेर 120 ते 132 श्रेयांकांवर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी मिळते. पहिल्या दोन टप्प्यांवर थांबून प्रमाणपत्र किंवा पदविका हवी असेल, तर 4 श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम जादा करावा लागतो.

2. असे थांबल्यावर तीन वर्षांच्या आत परत प्रवेश घ्यावा आणि पहिल्या प्रवेशापासून सात वर्षांत पदवी पुरी करावी, अशी मर्यादा आहे. खात्यातील श्रेयांकही जास्तीत जास्त सात वर्षे चालतात. मुदत ठेवीची पावती मुदत उलटली तरी मोडता येते. येथे मात्र मुदत संपली की जमा रक्कमच बुडते.

3. ज्या विद्यापीठाची पदवी घ्यावयाची, तेथे निदान निम्मे श्रेयांक मिळविलेले असले पाहिजेत. 132 श्रेयांकांची पदवी असेल तर 66 तेथलेच हवेत. समजा, कोणी दोन वर्षांचे 88 श्रेयांक घेऊन दुसऱ्या विद्यापीठात गेला. त्याचे 66 च धरता येतील. 22 पदवीच्या हिशेबाबाहेर राहतील. म्हणून विद्यापीठ बदलावयाचेच असेल तर ते पहिल्या वर्षानंतर बदलणे चांगले. एकाच विद्यापीठाच्या दोन महाविद्यालयांत बदली करताना पदवी देणारे विद्यापीठ तेच राहते, त्यामुळे ही अडचण येत नाही.

आमच्यासारख्यांचे जुने गुण या खात्यात येत नाहीत. 2021 पूर्वीच्या शिक्षणासाठी ते खाते नाहीच. जुन्या विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठाकडे समकक्षतेचा, म्हणजे जुना पेपर नव्या पेपरच्या बरोबरीचा धरण्याचा, प्रश्न लेखी विचारावा.

मानसशास्त्राची खास अडचण

आमच्या शेजारची एक मुलगी मध्यंतरी घरी आली. 2024 मध्ये तिने बी.ए. ला प्रवेश घेतला, मानसशास्त्र मुख्य विषय घेण्याचा तिचा विचार होता. पहिले वर्ष पास झाली आणि आईच्या आजारपणामुळे घरी बसली. "काका, माझं वर्ष वाया गेलं का? आता घरी बसूनच मानसशास्त्र करता येईल ना?" असे तिने विचारले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. तिचे सर्व 44 श्रेयांक खात्यात होते. वर्ष वाया गेलेले नव्हते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र जड होते. मुक्त विद्यापीठांनी आजवर हजारो नोकरदारांना व गृहिणींना पदवीधर केले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून हेच काम करीत आहे. पण मानसशास्त्राबाबत 2025 मध्ये नियम बदलला. आरोग्यसेवेशी निगडित विषयांचे नवे प्रवेश जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देऊ नयेत, असे अनुदान आयोगाने ठरविले. त्या यादीत मानसशास्त्र आहे. मराठी, इतिहास, अर्थशास्त्र हे विषय घरी बसून करता येतात. मानसशास्त्रासाठी महाविद्यालयात जावे लागते.

हा नियम जाचक वाटतो, आणि आमच्या शेजारणीसारख्या मुलींना तो जाचक आहेच. परंतु त्यामागचे कारणही समजून घेतले पाहिजे. 1879 मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतील लाइप्झिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा प्रयोगाचा विषय झाला आहे. स्मरण, अवधान, प्रतिक्रियेला लागणारा वेळ यांचे मोजमाप हाताने करावे लागते. शिवाय पुढे माणसाच्या दुखऱ्या मनाशी गाठ असते.

येथे आणखी एक इशारा देतो. नुसत्या बी.ए. वर किंवा दोन-तीन महिन्यांच्या 'समुपदेशन' वर्गावर कोणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी एम.ए. व त्यापुढील मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. या परिषदेचा कायदा 1992 चा आहे. मोठी फी घेऊन झटपट प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिरातींना भुलू नये. उलट, अपुरी पदवी नीट पुरी केली तर हा पुढचा रस्ता खुला राहतो. मराठीत, आपल्या माणसांच्या भाषेत बोलणाऱ्या समुपदेशकांची आज गरज आहे. 2022 मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' या 14416 क्रमांकाच्या सरकारी सेवेतही प्रादेशिक भाषा जाणणारी शिकलेली माणसेच लागतात.

कागद कोणते जपावेत?

बँकेत आम्ही रोज पाहतो, माणूस खरा असतो पण कागद अपुरा असतो. म्हणून ही यादी कापून कपाटाच्या दाराला चिकटवावी:

अ) प्रत्येक सत्राची मूळ गुणपत्रिका. निकाल लागताच ताब्यात घ्यावी.
आ) महाविद्यालय सोडल्याचा दाखला. विद्यापीठ बदलावयाचे असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र. नव्या विद्यापीठात पात्रता प्रमाणपत्र घ्यावे लागते.
इ) शिकलेल्या पेपरांचा अभ्यासक्रम, महाविद्यालयाच्या शिक्क्यासह. पेपर बरोबरीचा आहे की नाही, हे त्यावरून ठरते.
ई) आधार, दहावीचे प्रमाणपत्र व गुणपत्रिका यांवर एकच नाव. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे काम येथेच अडते.
उ) मध्ये खंड पडला असल्यास खंडाचे प्रतिज्ञापत्र.
ऊ) जातीचे प्रमाणपत्र व चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करावा. खंडानंतर शिष्यवृत्ती चालू राहील की नाही, हे प्रवेशापूर्वीच महाविद्यालयात विचारावे.

जे विचाराल ते लेखी विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी उत्तरावर आम्ही एक वर्ष घालविले, ते तुम्ही घालवू नका.

शेवटी

त्या मुलीने घराजवळच्या, त्याच विद्यापीठाच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याचे ठरविले आहे. आईजवळ दुपारी कोणी थांबावे, एवढाच प्रश्न उरला आहे. तो प्रश्न अनुदान आयोग सोडविणार नाही. तो शेजाऱ्यांनी सोडवावयाचा आहे.

म्हणून मंडळाच्या सभासदांना आमची एक नम्र सूचना आहे. दरवर्षी मे आणि जून या दोन महिन्यांत, रविवारी सकाळी दोन तास, आपल्यातले बँकेत, शाळेत, कचेरीत काम करणारे दोघे-तिघे मंडळात बसू. अपुरी पदवी असलेल्यांनी ट्रंकेतल्या गुणपत्रिका घेऊन यावे. अर्ज भरून देऊ, नावातल्या चुका पाहू, कोणाची मुदत कधी संपते त्याची वही ठेवू. त्या वहीत पहिले नाव या मुलीचे असेल. बसणाऱ्यांत पहिले नाव आमचे धरावे.