यंत्रास भीड नसते

मद्यपानानें कसा नाश होतो हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. ह्या पाठांत त्या विषयाची एकच बाजू घ्यावयाची आहे. ती ही कीं, प्यालेल्या मनुष्याच्या हातीं मोटार चालूंच नये, असें यंत्र प्रत्येक नव्या मोटारींत बसविणें कायद्यानें सक्तीचें करावें काय? हा प्रश्न दूरदेशीं निघाला आहे. तथापि आज खेड्याखेड्यांतून जीप, मोटारसायकल व ट्रॅक्टर धांवत असल्यामुळें तो आपल्याही दारीं येऊन उभा राहिला आहे. म्हणून त्याचा शांतपणें विचार करूं.

१. प्रश्न कसा उत्पन्न झाला

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०२२ सालीं दारू पिऊन मोटार हांकणाऱ्यांच्या अपघातांत १३,५२४ माणसें मरण पावलीं, म्हणजे सरासरीनें दररोज ३७. तेथें कायदे नाहींत असें नव्हे. कँडी लाइटनर नांवाच्या एका बाईची तेरा वर्षांची मुलगी प्यालेल्या ड्रायव्हरच्या मोटारीनें मारिली गेली, तेव्हां १९८० सालीं त्या मातेनें कॅलिफोर्नियांत एक संस्था काढिली, आणि त्या चळवळीमुळें कायदे पुष्कळ कडक झाले. तरी मृत्यु थांबले नाहींत. जानेवारी २०१९ मध्यें केंटकी संस्थानांत एक प्यालेला ड्रायव्हर उलट दिशेनें गाडी घेऊन आला, आणि त्या धडकेंत आईबाप व तीन लेंकरें असें अख्खें कुटुंब नाहींसें झालें.

पुढें नोव्हेंबर २०२१ मध्यें रस्ते व पूल ह्यांच्या बांधकामाविषयीं जो मोठा कायदा तेथें झाला, त्यांत एक कलम घातलें गेलें. ड्रायव्हरनें स्वतः कांहीं न करितां त्याची अवस्था ओळखणारें, व तो धुंद असल्यास गाडी चालूं न देणारें किंवा तिला आळा घालणारें साधन नव्या मोटारींत असावें, असा नियम रस्तासुरक्षेच्या सरकारी खात्यानें तीन वर्षांत करावा, असें तें कलम आहे. अशा साधनानें दरवर्षीं ९,४०० हून अधिक प्राण वांचूं शकतील, असा अंदाज कायद्याच्या मजकुरांतच नमूद आहे. परंतु नोव्हेंबर २०२४ ची मुदत येऊन गेली, तरी नियम तयार झाला नव्हता. तो कां अडला हें समजण्यासाठीं यंत्राची रीत पाहिली पाहिजे.

२. यंत्र काय करितें

अशीं यंत्रें मुख्यतः दोन प्रकारचीं आहेत. जुन्या प्रकारांत, मोटार सुरू करण्यापूर्वीं ड्रायव्हरला एका नळींत फुंकावें लागतें. पोटांत गेलेली दारू रक्तांत मिसळते, आणि रक्त फुप्फुसांतून फिरतांना तिचा थोडा अंश श्वासाबरोबर बाहेर पडतो. सुमारें २,१०० भाग श्वासांत जितका मद्यार्क असतो तितका एक भाग रक्तांत असतो, असें धरून हिशेब करितात. श्वासावरून मद्यार्क मोजण्याचें सुटसुटीत यंत्र रॉबर्ट बोर्केनस्टाइन ह्या अमेरिकन पोलीस अधिकाऱ्यानें १९५४ सालीं बनविलें. हल्लींच्या यंत्रांत प्लॅटिनमच्या पातळ थरावर मद्यार्काची क्रिया होऊन किंचित वीज उत्पन्न होते. मद्यार्क जितका अधिक, तितकी वीज अधिक. ती ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली कीं इंजिन सुरू होत नाहीं. दुसऱ्याकडून फुंकवून घेण्याची लबाडी होऊं नये म्हणून वाटेंतही पुन्हां फुंकावें लागतें. मात्र धांवती गाडी एकाएकीं बंद पाडीत नाहींत, कारण त्यांतूनच नवा अपघात व्हावयाचा.

हें यंत्र आजवर बहुतेक ठिकाणीं, ज्याचा गुन्हा एकदां शाबीत झाला त्याच्याच मोटारींत बसविण्यांत आलें. फ्रान्स देशानें मात्र २०१५ पासून प्रवासी बसगाड्यांत तें सक्तीचें केलें आहे. युरोपीय संघांत जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारींत यंत्र नसलें तरी तें सहज बसवितां यावें अशी सोय ठेवावी लागते.

दुसरा प्रकार नवा आहे. २००८ पासून अमेरिकेंत सरकार व मोटार बनविणारे मिळून त्याचा शोध करीत आले आहेत. नळींत न फुंकतां, गाडींतील हवेंत मिसळलेल्या श्वासावरून, किंवा बटणावर ठेविलेल्या बोटावर अवरक्त किरण टाकून मद्यार्क मोजावयाचा, अशी त्याची कल्पना आहे. कॅमेऱ्यानें ड्रायव्हरचे डोळे व गाडीची चाल पाहून त्याची अवस्था ओळखण्याचेही प्रयत्न चालू आहेत.

३. आक्षेप आणि त्यांचा विचार

पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा. कोणी म्हणेल, "मी जन्मांत दारूला शिवलों नाहीं, मग माझ्याच मोटारीनें माझी झडती कां घ्यावी?" ह्याचें उत्तर गांवच्या विहिरीपाशीं मिळेल. विहिरीला कठडा बांधितात त्यामुळें सावध मनुष्याचा अपमान होतो असें कोणी म्हणत नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांतही, जो नवें घर बांधील त्यानें धाब्यास कठडा करावा, नाहीं तर वरून पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, अशा आशयाची आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत आहे. आपल्याकडील धाब्याच्या घरांत राहणाऱ्यांस तिचा अर्थ चटकन् कळेल. लक्षांत घ्यावें कीं ती आज्ञा पडणाऱ्यास नसून बांधणाऱ्यास आहे. मोटारही कोणी तरी बांधितो व विकून पैसे मिळवितो. तिनें काय अनर्थ होऊं शकतो हें त्यास ठाऊक असतां कठड्याचा भार त्याच्यावर टाकणें अन्यायाचें नाहीं. शिवाय रस्ता एकट्या मोटारवाल्याचा नसतो. पायीं जाणारी म्हातारी आणि शाळेंतून येणारीं मुलें ह्यांचाही तो आहे.

दुसरा आक्षेप चुकीचा, आणि तो अधिक वजनदार आहे. समजा, एखाद्या देशांत दिवसांतून दहा कोटी वेळां मोटारी सुरू होतात, आणि यंत्र लाखांत एकदांच चुकतें. तरी दररोज एक हजार निरपराधी माणसें अडकून पडतील. त्यांत कोणी दवाखान्याच्या वाटेवरचाही असेल. ह्याचा एक धडा अमेरिकेस पूर्वींच मिळाला आहे. १९७४ च्या नमुन्याच्या गाड्या सीटबेल्ट बांधल्यावांचून सुरूच होऊं नयेत अशी योजना तेथें सक्तीची केली होती. हेतु उत्तम होता. परंतु शेजारच्या बैठकीवर सामानाची पिशवी ठेविली तरी यंत्र तीस मनुष्य समजून गाडी अडवी. लोक इतके चिडले कीं १९७४ च्या ऑक्टोबरांतच तेथील काँग्रेसनें ती सक्ती कायद्यानें रद्द केली. कच्चें यंत्र घाईनें लादलें तर यंत्र जातें आणि त्याबरोबर चांगल्या हेतूवरचा लोकांचा विश्वासही जातो.

तिसरा आक्षेप असा कीं, मोटारीनें पाहिलेलें ती कोणास सांगेल? विमावाल्यास सांगेल, मालकास सांगेल, कीं सरकारास? ही भीति पोकळ नाहीं. ह्यास उत्तर एकच. यंत्रानें गाडी अडवावी, परंतु चहाडी करूं नये, असें कायद्यांतच स्पष्ट लिहिलेलें असावें.

हे सर्व आक्षेप तोलून पाहतां माझें मत असें झालें आहे कीं सक्ती योग्य आहे, परंतु तीन अटींवर. यंत्र प्रथम पूर्ण कसोटीस उतरावें. त्यानें जाणलेलें गाडीबाहेर जाऊं नये. आणि आरंभ खासगी मोटारींपासून न करितां, जेथें दुसऱ्यांचे जीव ड्रायव्हरच्या स्वाधीन असतात अशा बसगाड्या, शाळेच्या गाड्या व मालट्रक ह्यांच्यापासून करावा.

४. यंत्राची मर्यादा

यंत्राकडून किती अपेक्षा करावी हेंही समजून घ्यावें. गुन्हेगारांच्या मोटारींत यंत्र असेपर्यंत त्यांचे पुन्हां घडणारे गुन्हे सुमारें दोन-तृतीयांशानें कमी होतात असें अमेरिकेंत आढळून आलें. परंतु यंत्र काढून घेतल्यावर तो लाभ टिकत नाहीं. ह्याचा अर्थ यंत्र खोटें असा नाहीं. तें हात धरितें, मन पालटीत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या देशाची स्थिति निराळी आहे. येथें १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणें १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असतां वाहन हांकणें गुन्हा आहे. अमेरिकेच्या बहुतेक संस्थानांत हीच मर्यादा ८० आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें आपल्याकडे पहिल्या गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठरल्या. म्हणजे कायदा कडक आहे. पण रात्रीं आडरस्त्यावर तो लागू करावयास कोण उभा असतो? २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत सर्वांत मोठा वांटा दुचाकीवाल्यांचा होता, आणि मोटारींसाठीं योजिलेलें हें यंत्र दुचाकीस व ट्रॅक्टरास कांहीं करूं शकत नाहीं.

५. भीड

तर मग आपण काय करावें? येथें मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी सांगण्यास जड वाटते.

कांहीं वर्षांपूर्वीं शेजारच्या गांवीं एका लग्नास मी गेलों होतों. दिवे लागण्याच्या सुमारास वराचा एक नातलग जीपची किल्ली बोटावर फिरवीत मांडवाबाहेर निघाला. त्याचे पाय ठरत नव्हते, आणि वास दोन हातांवरून येत होता. मी पाहिलें. मजबरोबर आणखी दहाजणांनीं पाहिलें. किल्ली मागावी असें माझ्या मनांत आलें. पण मी परगांवचा पाहुणा, तो यजमानाच्या घरचा. भर मांडवांत त्याचा पाणउतारा कसा करावा? मी गप्प राहिलों. अर्ध्या कोसावर त्या जीपनें शेतावरून सायकलीनें परत येणाऱ्या एका मजुरास उडविलें. तो मनुष्य लग्नास आला नव्हता. त्यानें दारूचा थेंबही घेतला नव्हता.

तिसऱ्या दिवशीं मी त्याच्या घरीं गेलों. त्याच्या पत्नीनें मला एकच गोष्ट विचारली : "पाळकसाहेब, तुम्ही मांडवांत होतां ना?" ह्या प्रश्नास मजजवळ तेव्हां उत्तर नव्हतें, आजही नाहीं.

भीड ही भिकेची बहीण, असें आपले लोक म्हणतात. त्या दिवशीं ती मृत्यूची बहीण झाली. यंत्राची खरी थोरवी त्याच्या हुशारींत नाहीं. आम्ही दहाजणांनीं ड्रायव्हरची अवस्था यंत्राइतकीच अचूक ओळखिली होती. यंत्रास भीड नसते, एवढाच काय तो फरक होता. जें काम शेजाऱ्यानें करावयाचें तें शेजारी करीत नाहीं, म्हणून तें लोखंडाकडे सोंपवावें लागत आहे.

तें यंत्र आपल्या गांवच्या रस्त्यावर केव्हां येईल तें येवो. तोंवर किल्ली मागणारा हात आपला असला पाहिजे. हें एकट्यास कठीण जातें, म्हणून आधींच ठरवून ठेवावें. लग्नाच्या व जत्रेच्या दिवशीं गाड्यांच्या किल्ल्या एका वडील माणसानें आपल्याजवळ ठेवाव्या, आणि शुद्धीवर असलेल्यासच परत द्याव्या. सर्वांचा ठराव असला म्हणजे कोणा एकाचा अपमान होत नाहीं.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या गांवांत कोणतें स्थळ बिनकठड्याचें आहे? त्याची जबाबदारी कोणावर येते?

२. यंत्रानें गाडी अडविणें व शेजाऱ्यानें किल्ली मागणें, ह्यांत ड्रायव्हरला अधिक लाजिरवाणें कोणतें वाटेल? अधिक उपकाराचें कोणतें?

३. येत्या लग्नसराईंत किल्ल्या कोणापाशीं ठेवाव्या, हें आपली मंडळी कोणत्या दिवशीं बसून ठरवील?