निबंधातील प्रतिज्ञा

मुलांनो, 'प्रतिज्ञा' हा शब्द तुम्हांला पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच भेटतो. आपल्या जुन्या न्यायशास्त्रात मात्र त्याचा अर्थ निराळा आहे. जे सिद्ध करावयाचे, ते विधान प्रथम स्पष्टपणे उच्चारणे, याला तेथे प्रतिज्ञा म्हणतात. 'पर्वतावर अग्नी आहे' ही प्रतिज्ञा. 'कारण तेथे धूर आहे' हा हेतू. प्रतिज्ञा न सांगता जो नुसताच 'धूर, धूर' असे म्हणत राहील, त्याला काय सिद्ध करावयाचे आहे, हे ऐकणाऱ्यास कसे कळावे? विचारप्रधान निबंध लिहिताना पुष्कळ विद्यार्थ्यांची अशीच गत होते.

'स्त्रीशिक्षण' हा विषय दिला, की अनेक वह्यांत पहिले वाक्य सापडते ते असे : 'शिक्षणाला जीवनात फार महत्त्व आहे.' हे वाक्य खोटे नाही. पण त्याला नाही कोण म्हणणार? ज्याला कोणाचाच विरोध नाही, ते सिद्ध करण्याचे श्रम तरी कशाला घ्यावयाचे?

याच विषयावर आपल्या पुण्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गोपाळ गणेश आगरकरांनी काय प्रतिपादन केले, ते पाहा. आगरकर हे १८८१ साली निघालेल्या 'केसरी'चे पहिले संपादक. लोकमान्य टिळक आणि ते जिवलग मित्र. १८८२ मध्ये दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकत्र शिक्षा भोगली होती. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद झाले, आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' पत्र काढले.

मुलगे व मुली यांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, असे आगरकरांचे म्हणणे होते. पुण्यात तेव्हा मुलींच्या शाळा नव्हत्या असे नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्येच भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली होती. हुजूरपागेची शाळा १८८४ पासून चालू होती. म्हणून 'मुलींना शिकवावे' एवढेच आगरकर लिहिते, तर काही वाचकांनी मान डोलावून पान उलटले असते. परंतु मुलींना घरकामापुरते शिकवले म्हणजे पुरे, असे मानणाऱ्यांना 'एकच' हा शब्द बोचला. ज्यांना समान शिक्षण एक वेळ चालले असते, त्यांतील कित्येकांना 'एकत्र' हा शब्द मानवणारा नव्हता. शब्द दोनच, पण प्रत्येकाला निराळे समर्थन लागते. 'एकच' यासाठी मुलींची बुद्धी उणी नाही हे दाखवावे लागते, तर 'एकत्र' यासाठी सहवासाने वर्तन बिघडत नाही हे. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या कामी येत नाही.

असे लिहिण्याची किंमतही द्यावी लागे. आगरकर हयात असतानाच पुण्यातील सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. तरी १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपली मते सोडली नाहीत.

ठाम विधान म्हणजे चढ्या आवाजातील विधान मात्र नव्हे. 'लक्ष्मी रस्त्यावर फार गर्दी असते' हे केवळ निरीक्षण झाले. 'तेथे सर्व वाहने कायमची बंद करा' हे ऐकण्यास जोरदार आहे; पण रुग्णाला नेणाऱ्या गाडीचे काय, एवढ्या एका प्रश्नाने ते कोसळते. आता असे लिहून पाहा : 'दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात सायंकाळी लक्ष्मी रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी राखून ठेवावा.' दुकानदार विचारील, माल कधी उतरवू? तेथेच राहणाऱ्या आजीबाई विचारतील, मी घरी कशी जाऊ? या दोघांना द्यावयाची उत्तरे, हेच तुमच्या निबंधाचे पुढील दोन परिच्छेद.

अभ्यास : 'शाळेचे ग्रंथालय' या विषयावर एका वाक्यात आपले विधान लिहा आणि शेजारच्या विद्यार्थ्यास वाचून दाखवा. त्याने लगेच 'बरोबर आहे' असे म्हटले, तर ते खोडून दुसरे लिहा. त्याने 'का बरे?' असे विचारले, तर त्याचा प्रश्न विधानाखाली उतरून घ्या व पाच ओळींत त्याला उत्तर द्या.