भाव सांगणाऱ्या यंत्रालाही तारीख लागते

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सोमवारी सकाळी हाती आलेल्या सुताच्या भावावर आम्ही एका जुन्या ग्राहकाला कापडाचा भाव दिला. दुपारी सूत उचलायला गेलो तेव्हा कळले, की तो भाव शनिवारचा होता आणि मधल्या काळात सूत चढले होते. शब्द दिला होता. माल त्याच भावाने दिला. नफा तर गेलाच, कारागिरांची मजुरीही खिशातून भरली. आकडा खोटा नव्हता. त्याच्यावर तारीख नव्हती, एवढेच.

हे आठवायचे कारण असे, की सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या आमच्या पुतण्याने एक कागद वाचायला दिला. ब्लॉकचेनवरील भाव एआय एजंटला, म्हणजे सांगितलेले काम स्वतःच पार पाडणाऱ्या संगणकाच्या मुनिमाला, पुरवणारे साधन त्याने बनवले होते. माहिती एकाच ओळीची : 'नाण्याचा भाव देते.' आम्ही विचारले, "कुठला भाव? कधीचा? कशात?" पुढे जे बोलणे झाले, त्याचे सार येथे देत आहोत. या नाण्यांचा व्यवहार करावा की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

भाव येतो कुठून?

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली खातेवही. तिला बाहेरचा बाजार दिसत नाही. बाहेरचा भाव आत आणणाऱ्या व्यवस्थेला ओरॅकल म्हणतात. चेनलिंक ही त्यातली मोठी व्यवस्था. तिच्यात अनेक स्वतंत्र संगणक आपापला भाव कळवतात आणि त्यातला मधला भाव वहीत चढतो. मात्र तो क्षणोक्षणी चढत नाही. बाजार ठरावीक टक्क्याने हलला किंवा ठरावीक मुदत उलटली, तरच नवा भाव लिहिला जातो. ही मुदत काही भावांना एक तास, तर काहींना चोवीस तास असते.

माहितीत काय लिहावे?

१. जोडी व जागा : इथरचा भाव डॉलरमध्ये की दुसऱ्या नाण्यात, आणि कोणत्या ब्लॉकचेनवरचा, हे स्पष्ट हवे.

२. दशांश : वहीत अपूर्णांक नसतो. डॉलरमधील भाव बहुधा आठ दशांश धरून पूर्णांकात ठेवतात. म्हणजे २५०० डॉलर हे २५०००००००००० असे दिसतात. किती स्थळे धरायची हे लिहिले नाही, तर हिशेब कोट्यवधी पटीने चुकेल. किलोचा भाव गाठोड्याला लावण्यासारखेच हे.

३. वेळ : भावासोबत तो केव्हा लिहिला गेला तेही मिळते. ही वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असते. साधनाने ती वाचता येईल अशी द्यावी आणि भाव किती जुना आहे तेही सांगावे.

४. नकार : भाव मुदतीपेक्षा जुना असेल, शून्य असेल किंवा मिळतच नसेल, तर साधनाने साफ 'भाव नाही' म्हणावे. मागचा आकडा पुढे करू नये.

चौथी गोष्ट किरकोळ नाही. मे २०२२ मध्ये लुना हे नाणे कोसळले, तेव्हा चेनलिंकवरील त्याचा भाव सुमारे १०.७ सेंटवर थांबला. बाजारात मात्र ते एका सेंटच्या आसपास आले होते. व्हीनस ही कर्ज देणारी व्यवस्था थांबलेल्या भावावरच तारण धरत राहिली आणि तिला सुमारे १ कोटी १० लाख डॉलरचा फटका बसला.

मुनीम विचारत नाही

माणसाला शंका आली तर तो दलालाला फोन करून खात्री करतो. एजंट साधनाची लिहिलेली माहिती वाचतो आणि तिच्यावर विसंबून पुढचे पाऊल टाकतो. म्हणून ही माहिती म्हणजे त्याच्यासाठी मालकाचा हुकूमच. साधन काय करत नाही, हेही तिच्यात असावे : 'हा संदर्भाचा भाव आहे, या भावाने सौदा होईलच असे नाही.'

पुतण्याने ती ओळ खोडून अर्धे पान लिहिले. आमच्या पेढीतही तेव्हापासून एक नियम आहे. कोणाचीही भावाची चिठ्ठी आली, की आधी तारीख, वेळ आणि माप पाहायचे, आकडा नंतर. तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर ग्राहकाला भाव द्यायचा नाही.